अंगठा बोटांच्या बाजूला

ढाणकी, ता. उमरखेड
संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस

चि. छकुली,


मुंबईत जुन्या मोटारींची परेड पाहायला मैत्रिणींबरोबर जाणार आहेस आणि मामाला यातलं जे कळतं ते लिहून पाठव म्हणालीस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन लागला की तुझी मामी मधेच हळदीचा भाव सांगू लागते. म्हणून कागद घेतला.

पहाटेच जाजो. अकराला न्याहारी करून येणाऱ्यांना गाड्या दोरीच्या पलीकडे ओळीनं लावलेल्या दिसतात, लग्नात रुखवत मांडतात तशा. गाडी पाहायची ती चालू होताना. थंडीत इंजिन गार असतं. चोक ओढतात, सेल मारतात, ती घुरघुरते आणि गप्प होते. मग बॉनेट उघडतं. कुणी कार्बोरेटरवर तळहात धरतो, कुणी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवतो. त्या पाच मिनिटांत कळतं की गाडी खरी कोण सांभाळतं. पाटीवर ज्याचं नाव असतं तो बहुधा बाजूला फोटो काढून घेत असतो, आणि ऑइलचे डाग पडलेल्या शर्टातला मिस्त्री खाली वाकलेला असतो. तू त्या मिस्त्र्याजवळ उभी राहा. मालकाला किंमत विचारणारे शंभर भेटतात. मिस्त्र्याला "हा पार्ट कुठून आणला?" असं विचारणारं कुणी भेटत नाही. एकदा विचारलंस की तो थांबायचा नाही.

एखादी गाडी पुढून लोखंडी हँडल फिरवून चालू करताना दिसेल. सात वर्षांची असताना आपल्या गॅरेजात जीपचं हँडल फिरवायचा हट्ट धरला होतास, आठवतं? तेव्हा मी तुझा अंगठा धरून बोटांच्याच बाजूला आणला होता. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा हँडल मागे फिरतं, आणि अंगठा पलीकडून वळवलेला असला तर काडीसारखा मोडतो. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला, त्याआधी बहुतेक सगळ्यांचं हेच होतं. कुणी कौतुकानं तुझ्या हातात हँडल दिलंच, तर एवढं ध्यानात ठेव.

आत डोकावायला मिळालं तर आधी पायांपाशी बघ. फोर्ड कंपनीची टी मॉडेल १९०८ ते १९२७ बनली, दीड कोटीच्या वर निघाल्या. तिला तीन पेडल असतात, पण आपल्या ओळखीच्या कामाला, ओळखीच्या जागी त्यात एकही नाही. डावं पेडल गिअरचं, मधलं गाडी मागे घेण्याचं, उजवं ब्रेकचं, आणि पेट्रोल सोडायची कांडी हाताशी, स्टिअरिंगखाली. मी ती कधी चालवली नाही. पण चित्र समोर धरून खाटेवर बसल्या बसल्या पाय हलवून पाहिले, तर दोन मिनिटांत घोळ झाला.

ही परेड हिवाळ्यातच का, असं कुणी विचारलं तर आपल्या उन्हाळ्याचं सांग. मे महिन्यात आर्णी ते यवतमाळ रस्त्यावर फियाट आणि अँबेसिडर जागोजागी उभ्या राहायच्या. पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन उपाशी मरायचं. मग ड्रायव्हर ओलं फडकं पंपावर गुंडाळून झाडाखाली बिडी ओढत बसायचा. बिडी संपेपर्यंत गाडी ठीक. अशी फडकी मी आयुष्यात किती भिजवली असतील, सांगता येत नाही.

आता माझं खरं मत सांगतो. रोल्स-रॉईसपाशी गर्दी असेल, तिथे एकदा नजर टाकून पुढे हो. रोल्सला सांभाळणारे राजवाडे आहेत. पैनगंगेच्या पलीकडे, तिकडे हिमायतनगर-किनवटला निजामाचं राज्य होतं. सहाव्या निजामानं मागवलेली १९१२ ची पिवळी सिल्व्हर घोस्ट हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात आहे. गाडी येण्याआधीच १९११ मध्ये तो वारला, आणि पुढच्या पस्तीस वर्षांत ती चारशे मैलसुद्धा चालली नाही असं सांगतात. अशी गाडी पाहून मला बंद वाड्यातल्या झोपाळ्याची आठवण येते. कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३६ ची मेबॅक मात्र दर दसऱ्याला सोनं लुटायच्या सोहळ्यात दसरा चौकात येते, भर गर्दीत, धूळ अंगावर घेत. मला ती जास्त आवडते.

तू शोधायची ती साधी गाडी. मुंबईत काळी-पिवळी म्हणजे कित्येक वर्षं पद्मिनीच असायची. आपल्याकडे काळी-पिवळी म्हटलं की टपापर्यंत माणसं भरलेली जीप, म्हणून लहानपणी तुला सिनेमातली टॅक्सी पाहून कोडं पडायचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाल्या आणि पुढे त्याच गाडीची पद्मिनी झाली. हजारोंनी धावल्या, म्हणूनच कुणी जपल्या नाहीत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही उतरली. पद्मिनीच्या आधीची, पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची डुक्कर फियाट दिसली तर नशीब समज. तिची पुढची दारं उलटी उघडतात. पाटीही वाच. एमएचपुढे जिल्ह्याचा आकडा, आपला २९ सारखा, हा प्रकार १९८९ पासूनचा. तीन अक्षरं आणि पुढे नुसता नंबर असेल तर पाटी त्याआधीची, आणि ती न बदलता टिकवणारा माणूस बोलण्यासारखा.

चकाकीला भुलू नको, हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण ते पाप मी केलंय. बाविसाव्या वर्षी एका जमीनदाराची जुनी विलायती गाडी माझ्याकडे आली. मूळ रंग हाताच्या ब्रशनं काढलेल्या बारीक रेघेसकट शाबूत होता, फक्त फिका. मी तो घासून काढला आणि चमचम करणारा रंग मारला. सहा व्होल्टची वायरिंग, डायनॅमो, पितळी स्विच, सगळं भंगारवाल्याला किलोवर दिलं. मालक खूष, मला वर शंभर रुपये बक्षीस. दहा वर्षांनी नागपूरहून एक गृहस्थ ती गाडी पाहायला आले. फेरी मारली आणि हळूच विचारलं, "हिचं मूळचं सामान कुठं आहे हो?" मी म्हटलं, माहीत नाही. ते खोटं होतं. भंगारवाल्याचं दुकान समोरच होतं. म्हणून परेडमध्ये रंग उडालेली, शिटाचं चामडं तडकलेली गाडी दिसली तर तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांब.

गाडी घ्यायचं खूळ डोक्यात शिरेल, सगळ्यांच्या शिरतं. २०२१ पासून सरकारनं व्हिंटेज गाडीचे वेगळे नियम केलेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली हवी. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. तेव्हा आधी एखाद्या मिस्त्र्याकडे चार रविवार बसून पॉइंट साफ करायला शीक. त्यातही मन रमलं तर मग बोलू.

माझ्यासाठी फोटो काढू नको, ते सगळे सारखेच येतात. डुक्कर फियाट भेटली तर मिस्त्र्याला विचारून मोबाईल बॉनेटपाशी धर आणि ती चालू होतानाचा आवाज भरून पाठव. टॅपेट वाजत असतील तर मी इथून सांगतो. मामी हसते आहे. हसू दे.

तुझा,
मामा

ता. क. उमरखेडहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सनं तिळाच्या लाडवांचा डबा पाठवला आहे. वरची पुडी वेगळी बांधली आहे, ती तू खायची नाही. मिस्त्र्याची आहे.