हुकूम, अधिकार आणि मुके इंजिन

‘यज्ञ करावा’ ही वेदाची आज्ञा कानी पडूनही ज्याच्या हातून तिची तामिली होत नाही, त्याला कसूरवार धरावे, की तो त्या आज्ञेचा अधिकारीच नव्हे म्हणून बाजूला सारावे, हा मीमांसकांचा जुना प्रश्न आहे. जैमिनीने मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात तो चर्चिला, आणि सर्वांनाच अधिकार आहे हे बादरी या आचार्याचे मत तेथे नोंदवून खोडूनही काढले. या निकालाची फळे आपल्या समाजाने शतकानुशतके भोगली आहेत. परंतु निकालाइतकीच मला त्यामागची तपासाची रीत खटकते, आणि ती खटकू लागली ती थेरगावात, टूलरूममधून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या अण्णांच्या टेबलापाशी.

अण्णा आगगाड्यांच्या जुन्या प्रतिकृती दुरुस्त करतात. कोथरूडचे भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिल्यापासून जडलेला हा नाद. पूर्वीच्या व्यवस्थेत रुळांतला वीजदाब वाढविला की त्यांवरचे प्रत्येक इंजिन धावू लागे. डिजिटल व्यवस्थेत मात्र दाब सदैव कायम असतो, त्याच रुळांतून हुकूमही वाहतात, आणि सगळे हुकूम सगळ्याच इंजिनांपर्यंत पोचत असले तरी ज्याचा क्रमांक पुकारला त्यानेच हलावयाचे असते. प्रत्येक हुकुमाच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा असतो; तो जुळला नाही, तर इंजिनातला डिकोडर, म्हणजे हुकूम उलगडणारी चिप, तो हुकूम निमूटपणे टाकून देतो. जुन्या डिकोडरांकडून धावत्या गाडीत पोचपावती येत नाही, म्हणून नियंत्रक तेच ते हुकूम अखंड पाठवीत राहतो. मुके इंजिन पाहून ते उद्दाम आहे, बहिरे आहे की केवळ मोडका हुकूम नाकारण्याइतके चोख आहे, हे हुकूम सोडणाराला कळण्याचा मार्गच नसतो.

त्या दिवशी टेबलावरचे वाफेचे इंजिन रुळांच्या प्रत्येक सांध्यावर मुके होई आणि क्षणभराने पुन्हा पहिल्यापासून सुस्कारे टाकू लागे. “अण्णा, चिपच गेली असेल हो,” मी म्हणालो. “चिपचं शेवटी बघू. आधी रूळ पुसायचे, मग चाकं, मग ही पत्ती.” अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस चाकांवरून फिरला आणि काळाकुट्ट झाला, चाकाच्या आतल्या अंगाला टेकणारी पितळी पत्ती केसभर उचलली गेली होती, ती त्यांनी चिमट्याने वाकविली. वीज निमिषभर तुटली की जुना डिकोडर सारे विसरून नव्याने आरंभ करतो, एवढाच तो रोग होता. कधी डिकोडर खरोखरच जळालेला निघतो. पण इंजिनाच्या आवाजासाठी बसविलेल्या शंभर ओहमच्या स्पीकरसाठी घडविलेल्या सर्किटाला कोणी आठ ओहमचा जोडल्यामुळे ते जळाले असेल, तर कसूर सर्किटाची कशी म्हणावी?

आश्चर्य हे, की अण्णांची ही रीत जैमिनीला अपरिचित नव्हती. निर्धनाचा अधिकार त्याने नाकारला नाही, कारण द्रव्य मिळविता येते. शरीराचे व्यंग उपचाराने जाण्याजोगे असेल, तर अशा माणसालाही त्याने हीच मुभा दिली. म्हणजे उणीव कोठे आहे आणि ती दूर होते की नाही, हे आधी पाहावे, एवढा विवेक त्या अध्यायात आहे. शूद्रापाशी येताच मात्र तो विवेक थांबतो: उपनयन नाही म्हणून वेदाध्ययन नाही, अध्ययन नाही म्हणून कर्मज्ञान नाही, आणि ज्ञान नाही म्हणून अधिकार नाही. उपनयन कोणी रोखले, हा प्रश्न त्या मालिकेत कोठेच उपस्थित होत नाही. माणूस म्हणजे इंजिन नव्हे, तो सारे नीट ऐकूनही ‘नाही’ म्हणू शकतो, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. परंतु ते ‘नाही’ ऐकण्यासाठीसुद्धा आधी त्याच्यापर्यंत तार पोचलेली असावी लागते.