सेवेचे मोजमाप कोणासाठी?

सेवाभावी संस्थेचा वार्षिक अहवाल हल्ली हातात घेतला, की पहिल्याच पानावर रंगीत आलेख दिसतो. चढत जाणारे खांब, चतकोर केलेल्या भाकरीसारखे वर्तुळ आणि ठळक आकड्यांत लाभार्थ्यांची संख्या. पूर्वी अशा अहवालात अध्यक्षांचे मनोगत, आभाराचे दोन परिच्छेद आणि शेवटी जमाखर्च एवढेच असे. या बदलामागे काही अंशी कायदाही आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. २०२१ मध्ये मोठ्या प्रकल्पांचा परिणाम त्रयस्थांकडून तपासून घ्यावा, असा नियमही आला. पैसे देणारा विचारणारच, की माझ्या पैशांचे काय झाले?

हाच प्रश्न आता आपल्या धर्मग्रामातही विचारला जात आहे. शिक्षण मदतनिधी आणि एकाकी वृद्धांच्या भेटी या दोन कामांना हातभार लावणाऱ्या काही बंधुभगिनींनी सुचवले आहे, की वर्षभराचा लेखाजोखा आलेखांच्या रूपाने चर्चच्या सूचनाफलकावर लावावा. काहींना ही सूचना मुळीच रुचलेली नाही. दान गुपचूप करायचे असते, त्याचे फलक कसले लावता, असे त्यांचे म्हणणे. मदत समितीत बसणाऱ्या आम्हां काही जणांना दोन्ही बाजूंचे ऐकावे लागले. त्यावर आम्ही जो विचार केला, तो आपल्यापुढे मांडत आहोत.

मोजण्याच्या बाजूने आधी बोलू, कारण ती बाजू आपल्यासारख्या श्रद्धावंतांकडून अनेकदा दुर्लक्षिली जाते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जे काम केले, त्याचा पाया मोजणी हाच होता. घरातच जन्मलेले आणि घरातच दगावलेले मूल कुणाच्या दप्तरात येत नसे. जन्माचीच नोंद नाही, तिथे मृत्यूची कुठून होणार? आईला ठाऊक, सुईणीला ठाऊक, आणि सरकारी कागदावर सारे आलबेल. संस्थेने गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवायला सुरुवात केली. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावांत हा उपक्रम न करता फक्त नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू सुमारे २५ वर आले होते. उरलेल्या गावांत ते ६० च्या आसपासच होते. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या अशा गृहभेटी देऊ लागल्या. ती नोंदवही नसती तर एका संस्थेचे चांगले काम म्हणून चार लोकांनी कौतुक केले असते आणि विषय तिथेच संपला असता.

याच संस्थेने केलेले एक साधन आम्हांला फार आवडते. बाळाला न्यूमोनिया झाला की त्याचा श्वास जलद होतो. मिनिटाला किती श्वास, हे मोजले की रोग ओळखता येतो. पण गावच्या अनेक सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून त्यांना एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असलेले साधे यंत्र दिले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी आला, तर बाळाला औषधाची गरज आहे. जपमाळेचे दहा दहा मणी ओढत आपल्या किती आज्या अक्षरओळख नसताना अचूक मोजत आल्या, हे आठवले म्हणजे ही युक्ती किती नेमकी होती ते कळते. मोजणाऱ्या बाईला त्या आकड्याचा उपयोग तिथेच, त्याच घटकेला होता. तिला तो कोणाला दाखवायचा नव्हता.

दुसरे उदाहरण मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेचे. २००५ पासून तिच्या पुढाकाराने 'असर' नावाची पाहणी होते. स्वयंसेवक खेड्यांत घरोघर जातात आणि एकेका मुलापुढे अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट छापलेला कागद ठेवून वाचायला सांगतात. २०२४च्या पाहणीतही ग्रामीण भारतातील पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. पण आम्हांला इथे लक्ष वेधायचे आहे ते 'घरोघर' या शब्दाकडे. शाळेत जाऊन मोजले असते तर त्या दिवशी गैरहजर असलेली आणि शाळा सोडलेली मुले मोजणीतून आपोआप गळाली असती. नव्व्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आपण वर्षानुवर्षे ऐकतो. एक कमी आहे हे त्याला कळले कसे? संध्याकाळी त्याने मोजली होती म्हणून, आणि किती असायला हवीत तो आकडा त्याला पाठ होता म्हणून.

आता चित्राविषयी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हाती दिवा घेतलेली परिचारिका आठवते. १८५४ साली क्रिमियन युद्धाच्या काळात त्या ३८ परिचारिकांसह स्कुतारीच्या इस्पितळात गेल्या. त्या ३८ जणींत कॅथलिक धर्मभगिनीही होत्या. युद्ध संपल्यावर त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे तपासले आणि १८५८ मध्ये ते एका आकृतीत मांडले. वर्षाचे बारा महिने म्हणजे फुलाच्या बारा पाकळ्या. जखमांनी मेलेल्यांचा रंग वेगळा, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा निळा. निळा रंग बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. १८५५च्या मार्चमध्ये गटारे, पाणी आणि हवा यांची व्यवस्था सुधारणारे पथक येऊन पोचल्यावर पाकळ्या आक्रसत जातात. मंत्र्यांना पानभर तक्ते वाचायला वेळ नसतो, हे बाईंना पक्के ठाऊक होते.

पण या आकृतीची खरी थोरवी आम्हांला वेगळ्याच ठिकाणी दिसते. त्या निळ्या पाकळ्यांत त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखालच्या इस्पितळातले मृत्यूही होते. तो भयंकर हिवाळा त्यांनी गाळला नाही. आज एखाद्या संस्थेने आपले सर्वांत वाईट वर्ष सर्वांत मोठ्या पाकळीत रंगवून देणगीदारांपुढे ठेवले, असे आपण कधी पाहिले आहे काय? अहवालातले खांब नेहमी चढतेच का असतात, असा प्रश्न देणगीदारांनीही कधीतरी विचारायला हवा.

इथून अडचणी सुरू होतात. दहावी-बारावीनंतर मुलांना फी देणाऱ्या आपल्यासारख्या निधीचा विचार करा. समजा, दोन अर्ज आले आणि पैसे एकालाच पुरतील एवढे आहेत. एक मुलगी ८० टक्के मिळवणारी. वडील रिक्षा चालवतात. दुसरा मुलगा दोन विषयांत नापास होऊन पुन्हा बसलेला. आई चार घरची धुणीभांडी करते. फलकावर जर 'मदत घेतलेल्यांपैकी किती उत्तीर्ण' हा एकच खांब लागणार असेल, तर समितीचा हात कोणत्या अर्जाकडे जाईल हे सांगायला नको. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. सगळे सज्जन, सगळे निःस्वार्थी, आणि तरीही दोन-तीन वर्षांत निधी अशा मुलांचा होतो ज्यांना निधी नसता तरी वाट सापडली असती. जी मुले मध्येच शिक्षण सोडतात, ती तर 'आपले विद्यार्थी' राहतच नाहीत. ती यादीतून गेली की टक्केवारी वाढते. हिशोब बरोबर, आणि माणूस गायब.

खर्चाच्या वर्तुळाचेही तसेच. 'शंभरांतले पंचाण्णव रुपये थेट गरिबांपर्यंत' हे वाचून आपल्याला बरे वाटते. मग वृद्धांकडे जाणाऱ्याचे प्रशिक्षण, नोंदवही लिहिणाऱ्याचा पगार, बसभाडे हे सारे त्या उरलेल्या बारक्या फोडीत कोंबावे लागते. २०१३ साली अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनीच जाहीर पत्र लिहून सांगितले, की केवळ प्रशासन खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. मार्कच्या शुभवर्तमानातील विधवेची दोन नाणी भांडाराच्या आलेखात दिसलीही नसती. प्रभू येशूने तिचे दान मोजले ते तिच्यापाशी काय उरले यावरून. रक्कम तीच राहते, पण ती कशाशी ताडून पाहायची हे बदलले की उत्तर बदलते, हे कोणत्याही हिशेबनिसाला माहीत असते.

आणखी एक गोष्ट मोठ्या संस्थांना जाणवत नाही, पण आपल्याला जाणवायला हवी. हजारो लाभार्थ्यांच्या आलेखात कोणी ओळखू येत नाही. आपल्याकडे एखाद्या विभागात मदत घेणारी दोनच घरे असतील, तर विभागवार खांब काढणे म्हणजे त्या दोन दारांवर खडूने खूण करण्यासारखे आहे. मिस्सा संपल्यावर फलकापुढे उभे राहणाऱ्यांत त्या घरची मुलेही असणार.

वृद्धांच्या भेटींपाशी तर आमची मती खुंटते. भेटींची संख्या मोजणे सोपे. दहा मिनिटांत प्रसादाचे पाकीट देऊन निघालेला आणि दोन तास बसून जुन्या गोष्टी ऐकलेला, दोघांची भेट एकच धरली जाते. आणि परिणाम म्हणून काय दाखवायचे? पुढच्या वर्षी त्या आजी आणखी थकलेल्या असतील, कदाचित नसतीलही. चढता खांब इथे येणार नाही. म्हणून या कामात मोजूच नये, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 'शेवटची भेट कधी' एवढा एकच रकाना ठेवला, तरी पावसाळ्यापासून कोणाकडे कोणी फिरकलेले नाही हे कळते. मनमोकळ्या, चहा करणाऱ्या आजींकडे सगळे जातात. चिडक्या, ऐकू न येणाऱ्या आजोबांचा रकाना कोराच राहतो. प्रेमळ माणसांच्या समितीलाही हे आठवणीने कळत नाही, वहीने कळते.

तेव्हा या वर्षी आम्ही असे ठरवत आहोत. फलकावर एकूण जमा, एकूण खर्च आणि मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या लागेल. त्या संख्येत मध्येच शिक्षण सोडलेलेही धरले जातील आणि त्यांचा खांब वेगळ्या रंगाने दाखवला जाईल. विभागवार आकडे लागणार नाहीत, नावे तर नाहीतच. भेटींची वही समितीच्या कपाटात राहील आणि दर महिन्याच्या बैठकीत आधी कोरे रकाने वाचले जातील. ज्या देणगीदारांना याहून अधिक हवे आहे, त्यांनी बैठकीला यावे; वही त्यांच्यासमोर वाचू, नावे वगळून.

शिक्षण सोडलेल्यांच्या यादीत 'कारण' असाही एक रकाना आहे आणि तो अजून रिकामा आहे. फोनवर खरे कारण कोणी सांगत नाही. त्यासाठी घरी जावे लागेल, शक्यतो दोघादोघांनी, आणि फीचा विषय पहिल्या भेटीत न काढता. ज्यांना संध्याकाळचा एखादा तास देता येईल, त्यांनी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर समितीच्या खोलीत भेटावे.