नवी तार

माणसावर विश्वास केव्हा ठेवावा, या प्रश्नापायी मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी डोकी झिजवली. बँकेने मात्र तो केव्हाच निकालात काढलाय : सहा महिन्यांनी. नव्या कारकुनाचे प्रोबेशन संपले की सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तो विश्वासू! हिशेब सोपा आहे. अडचण एवढीच, की तंबोऱ्याच्या तारांनी सर्व्हिस रूल्स वाचलेले नसतात.

आमच्या घरचा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे भोपळ्यावरसुद्धा सरकारी मोहोर उमटली. माझ्या बढतीच्या अर्जावर अजून उमटायची आहे. तर या तंबोऱ्याला परवा नव्या तारा चढवल्या. पंचमाची एक, जोडाच्या दोन, या पोलादी, खर्जाची पितळी.

नवी तार षड्जाला लावावी, तर पाच मिनिटांत खाली. पुन्हा पिळा, पुन्हा खाली. कारणे साधीच असतात. खुंटीवरचे वेढे घट्ट बसायचे असतात, गुंडाळीतला बाक निघायचा असतो आणि ताण पडला की धातूही थोडा लांबतो. सातव्यांदा खुंटी पिळताना मी म्हटले, "लबाड आहे ही तार. सा कबूल करते आणि नी देते!"

"लबाड कसली? नवी आहे हो," ही म्हणाली.

झाले! खुंटी राहिली बाजूला आणि मी विचारात पडलो. शब्द मोडणे आणि शब्द पाळण्याइतके बळ अजून अंगात नसणे, या दोन गोष्टी एकच का? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. सूर उतरलेलाच असतो.

आमच्या शाखेत एक नवा पोरगा कॅशवर बसला. पहिल्या दिवशी सातशे रुपये कमी. साहेबांनी शेरा मारायला पेन उघडले. हेडकॅशियर म्हणाले, "साहेब, चार दिवस थांबा." तिसऱ्या दिवशी सत्तर कमी, पाचव्या दिवशी सात. पुढच्या सोमवारी कॅश जुळली आणि पेनाला टोपण लागले. पहिल्याच दिवशी शेरा पडता, तर पोरगा कायमचा सातशेचा झाला असता.

तार जुळण्याची रीत हीच. पहिल्या दिवशी पाच मिनिटांनी उतरते, दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने, मग बैठकभर टिकते. तेव्हा उतरली किती हे पाहू नये, कालच्यापेक्षा कमी उतरली का, ते पाहावे. घाईने फार ताणली तर तुटते, आणि तुटलेल्या तारेला क्षमा करून काय उपयोग?

आता रोज तेवढीच उतरत असेल, तर आधी खुंटी तपासावी. घसरणाऱ्या खुंटीला खडू लावतात. नव्या सुनेला, नव्या नोकराला, नव्या जावयाला नावे ठेवणाऱ्या किती घरांनी आपल्या खुंटीला खडू लावून पाहिलाय?

राहता राहिली जुनी तार. ती मुळीच उतरत नाही. मात्र गंज चढून तिचा झणकारही गेलेला असतो. सूर सुटत नाही, कारण सूर निघतच नाही. वीस-वीस वर्षे सर्व्हिस झालेले आम्ही लोक असेच भरवशाचे. तंबोऱ्याची अशी तार गवई बदलतात. आमच्याकडे तिची बदली करतात.