सवड कुणाची?

व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी आपल्या देशात ‘कॅट’ नावाची जी प्रवेशपरीक्षा घेतली जाते, तिच्याविषयी या पत्रिकेत लिहिण्यासारखे काय आहे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परीक्षा तरुणांची आणि आपण बहुतेक जण निवृत्तिवेतनाच्या वयाचे. तरीही या परीक्षेच्या तयारीने एक जुना नैतिक प्रश्न आपल्या घरांत नव्याने आणून ठेवला आहे, असे मला वाटते. अभ्यासाला वेळ अपुरा पडतो, ही तक्रार सर्वांचीच असते. पण एखाद्याला जी थोडीबहुत सवड लाभते, ती येते कुठून आणि ती मुळात असते कुणाची, हा विचार सहसा कुणी करीत नाही.

प्रथम परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. २०१५ ते २०१९ या काळात ती तीन तासांची होती. २०२० पासून दोन तासांची झाली. इंग्रजी वाचन व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तिचे तीन विभाग. प्रत्येकाला ४० मिनिटे, आणि एका विभागात वाचलेली मिनिटे दुसऱ्या विभागात नेता येत नाहीत. २०२४ साली एकूण ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो. दोन तासांत सगळे प्रश्न सोडवणे जवळजवळ कुणालाच साधत नाही. म्हणून कोणते प्रश्न सोडून द्यायचे हे ज्याला झटकन उमगते, तो तरतो. प्रश्न ‘सोडवणे’ आणि प्रश्न ‘सोडणे’ यांत आपल्या भाषेने एकाच अक्षराचे अंतर ठेवले आहे, याची गंमत वाटते.

परीक्षेच्या दालनात मात्र मोठी समता नांदते. नागपूरच्या केंद्रावर बड्या अधिकाऱ्याचा मुलगा बसलेला असो की सौंसरच्या शेतकऱ्याची मुलगी, दोघांच्या पडद्यावरचे घड्याळ सारख्याच गतीने उलटे मोजत जाते. आणि ही समता आंधळीही नाही. नियमांत बसणाऱ्या दिव्यांग उमेदवारांना प्रत्येक विभागासाठी १३ मिनिटे २० सेकंद अधिक दिली जातात. सर्वांना सारखा वेळ देणे म्हणजे न्याय झालाच असे नव्हे, हे परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच मान्य केले आहे. परंतु त्यांचा अधिकार दालनाच्या दारापर्यंत चालतो. दाराबाहेरचे सहा-आठ महिने कुणाला किती मिनिटे मिळाली, याचा हिशेब कोणत्याही संस्थेला ठेवता येणार नाही. तो ठेवायचाच झाला, तर घरानेच ठेवायला हवा.

वेळ पुरत नाही म्हणणाऱ्यांना उपदेश करण्याची परंपरा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील तत्त्वचिंतक सेनेका याने आयुष्याच्या अल्पतेवर एक निबंध लिहिला. तो त्याने पॉलिनस नावाच्या गृहस्थाला उद्देशून लिहिला आणि हे पॉलिनस रोम शहराच्या धान्यपुरवठ्याचे प्रमुख होते. (आपल्यापैकी ज्यांचा अन्नपुरवठा खात्याशी सेवेत संबंध आला असेल, त्यांना या पॉलिनसविषयी आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.) सेनेकाच्या म्हणण्याचा आशय असा की, आयुष्य तोकडे नसते, आपणच ते उधळतो. जमिनीच्या हद्दीवरून भांडणारी माणसे आपला दिवस मात्र वाटेल त्याला वाटून टाकतात. आजचे शिकवणीवर्ग तरुणांना जे सांगतात, तेही फारसे निराळे नाही. रोज दोन तास पुरेत, पण ते निश्चित हवेत. आठवड्याला एक सराव परीक्षा द्या. जे जमत नाही ते धरून बसू नका. उपदेश खोटा नाही. परंतु सेनेका हा रोममधल्या अतिधनाढ्यांपैकी एक होता आणि त्याच्या घरचे पाणी गुलाम भरीत होते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. जो दिवस आपला आहे तो उधळू नका असे त्याने सांगितले; ज्याचा दिवस त्याच्या हातातच नाही, त्याने काय करावे हे सांगितले नाही. इंग्रजी ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ ‘फुरसत’ असा आहे. विद्येला फुरसत लागते हे ग्रीकांनी बरोबर ओळखले, आणि ती फुरसत दासांच्या कष्टांवर उभी केली.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. कॅट अलीकडे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. तिचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचे, म्हणजे पोळा आणि गोटमार यांच्या आगेमागे. त्यानंतर जे दोन-तीन महिने अभ्यासाचा जोर धरायचे, त्यांतच दिवाळी येते, कापसाची वेचणी येते आणि ज्यांच्याकडे आंबिया बहार आहे त्यांच्या संत्र्यांची तोडणीही येते. शिवाय ही परीक्षा केवळ इंग्रजीत होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले; तेव्हापासून आपली बहुतेक मुले घरी मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेला इंग्रजी असा तिहेरी प्रवास करीत आली आहेत. हिंदीतून शिकलेल्या मुलाला इंग्रजीतला एक गहन उतारा वाचायला जी जास्तीची मिनिटे लागतात, ती त्याच्या बुद्धीची उणीव नसून इतिहासाने त्याच्याकडून वसूल केलेला कर आहे. आपल्या जुन्या राजधानीत, नागपुरात, २०१५ साली भारतीय प्रबंध संस्था निघाली, ही समाधानाची गोष्ट. तोवर आपल्याकडच्या मुलाला अशा संस्थेसाठी इंदूरकडे, नाहीतर त्याहूनही दूर पाहावे लागत असे. अंतर कमी झाले. मिनिटांचा प्रश्न मात्र आहे तिथेच राहिला.

माझ्या निकटच्या आप्तांपैकी एक संत्रा-बागायतदार कुटुंब पांढुर्ण्यात आहे. घरात भाऊ आणि बहीण, दोघेही पदवीधर, दोघांनीही यंदा कॅट देण्याचे ठरवले. मुलगा वडिलांचे बँकेचे व बाजाराचे व्यवहार पाहतो. मुलगी सकाळच्या वेळी एका खाजगी शाळेत शिकवते. त्यांचे वडील मला म्हणाले, “काका, तुम्ही जन्मभर कचेऱ्या चालवल्यात. या दोघांचं वेळापत्रक तेवढं बसवून द्या.” मी म्हटले, आधी दोघांनी पंधरा दिवसांची दैनंदिनी लिहून दाखवावी. शासकीय सेवेत दौऱ्याची दैनंदिनी सादर करावी लागे आणि तिच्यात किती सत्य असे, हे जाणकारांना सांगायला नको. पण एकाच घरात राहणाऱ्या दोघांना एकमेकांसमोर खोटे लिहिणे अवघड जाते.

दिवस फाल्गुनाचे होते; मृग बहाराची तोडणी चालली होती. मुलाच्या अभ्यासाची सरासरी रोज चार तास निघाली. मुलीची सव्वा तास, तीही रात्री दहानंतरची. तिच्या पानांवर बारीक अक्षरांत नोंदी होत्या : आजीचे औषध, मजुरांचा चहा, पाहुणे, पुन्हा चहा, दादाचा डबा. मुलाच्या पानांवर ‘चहा’ हा शब्द पंधरा दिवसांत एकदाही आला नव्हता. चहा त्याने घेतला होता, पण लिहून ठेवावी अशी ती घटना त्याला वाटली नव्हती. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल; तो पहाटे पाचला उठून बसत होता.

दैनंदिन्या वाचून झाल्यावर वडील म्हणाले, “पण तिला अभ्यास करू नको असं कोण म्हणालं?” हे अगदी खरे होते. कुणीही म्हणाले नव्हते. आईने सांगितले, “तिला एकदा सांगितलं की होतं. त्याला दोनदा सांगावं लागतं, तेवढ्यात माझंच होऊन जातं.” आणि मुलगी म्हणाली, “माझं चालून जातं, आजोबा.”

या तीन वाक्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांत दुष्टपणा कुठेही नाही. कुणी कुणाला नकार दिलेला नाही आणि तरीही एकाचे चार तास व दुसरीचा सव्वा तास झाला आहे. नकार दिला असता तर भांडता आले असते. जिथे नकारच नाही, तिथे भांडणार कुणाशी?

हे एका घराचे नाही. २०२४ साली केंद्र शासनाने केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, ते या ८८ च्या हिशेबात नाहीत. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटांचा. शिकवणीवर्ग जे ‘रोजचे दोन तास’ मागतात, ते या फरकात बसून वर तास-सव्वा तास उरतो. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले. त्यांत मुली सुमारे १ लाख ७ हजार. शंभर पर्सेंटाइल मिळवणारे चौदा जण निघाले. त्यांत मुलगी एक. या चौदांच्या आकड्यामागे अनेक कारणे असतील आणि सगळा दोष चहाच्या भांड्यावर टाकण्याइतका मी उतावीळ नाही. पण त्यात त्या भांड्याचा काहीच वाटा नाही, असे म्हणायलाही मी तयार नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. घर म्हणजे कचेरी नव्हे. जिथे माया आहे तिथे मिनिटांची खतावणी मांडली की माया आटते. आपल्या आज्यांनी असा हिशेब मांडला असता तर आपण कुणीही शिकलो नसतो. हे मला मान्य आहे. किंबहुना म्हणूनच मला हा प्रश्न नैतिक वाटतो, व्यवस्थापनाचा नव्हे. दिलेली वस्तू आणि घेतली गेलेली वस्तू यांत फरक आहे. बहीण भावाला समजून-उमजून आपले दोन तास देत असेल, तर ते दान आहे आणि त्याला मी हात जोडीन. पण दानाला निदान देणाऱ्याला आपण देत आहोत हे ठाऊक असावे लागते आणि घेणाऱ्याला आपण घेत आहोत हे कळावे लागते. जिथे दोघांनाही पत्ता नाही, तिथे दान कसले? आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणे सांगितली आणि शतपथ ब्राह्मणात माणसांच्या ऋणाचाही उल्लेख आहे. अध्ययन करून ऋषिऋण फिटते असे आपण मानतो. पण अध्ययनाला बसता यावे म्हणून जिने दुपारभर पाहुणे सांभाळले, तिच्या ऋणाला आपण वेगळे नावच ठेवले नाही. आणि नावच नसले की ते फेडण्याचा विषयच निघत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. वेळ इतका थोडा आहे की दोघांत सारखा वाटला तर दोघेही नापास होतील. मग एकाला तरी पुढे का जाऊ देऊ नये? असे असू शकेल. पण मग तो निर्णय उघडपणे, दोघांच्या समक्ष, नाव घेऊन व्हावा : यंदा याचे, पुढच्या वर्षी तिचे; किंवा उलट. बागायतदारांना हे समजावून सांगावे लागू नये. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून आपण ताण देतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत जास्त. पाने कोमेजतात, काही गळतात. पण माणूस रोज बागेत फिरून पाहत असतो आणि पाणी केव्हा सोडायचे हे त्याने मनाशी ठरवलेले असते. दुर्लक्षामुळे एखादे झाड वाळले, तर त्याला ‘ताण दिला होता’ असे कोणताही शहाणा बागायतदार म्हणत नाही. आपल्या घरांतल्या मुलींच्या वेळेबाबत आपण नेमके तेच म्हणत आलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

चैत्रापासून त्या घरात काही बदल झाला. आजीचे औषध आणि संध्याकाळचा चहा मुलीकडून काढला गेला आणि तिच्या पानावर अडीच तास दिसू लागले. वडील समाधानी झाले. मुलीने मात्र एके दिवशी तिसरा कागद पुढे केला. तो तिने आईच्या दिवसाचा लिहिला होता. “आजोबा, मला जी सवड मिळाली ती दादाकडून नाही आली,” ती म्हणाली. “आई आता साडेचारला उठते.” मुलगा तिथेच बसला होता. त्याने तो कागद घेतला, दोनदा वाचला आणि आजीच्या गोळ्या कोणत्या डब्यात असतात, ते आईला विचारले.