भय आणि कारण

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. सुईच्या भयाला हे अभय कितपत लागू पडते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. इतर भयांत छाती धडधडते, अंग पळण्यासाठी सज्ज होते. सुई किंवा रक्त पाहून ज्याला घेरी येते त्याच्या बाबतीत क्षणभर तसे होऊन लगेच उलटे घडते: नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. त्यात इच्छाशक्तीला विचारतो कोण? अशाला भित्रा म्हणणे म्हणजे शिंकणाऱ्याला उद्धट म्हणण्यासारखे आहे.

दोष असलाच तर तो भयाने युक्तिवादाचा वेष घेण्यात आहे. १ मार्च २०२१ पासून भारतात ६० वर्षांवरील नागरिकांबरोबरच ४५ ते ५९ वयाच्या, ठरावीक दीर्घ व्याधी असलेल्यांनाही कोविडची लस मिळू लागली. ‘सहव्याधी’ हा शब्द तेव्हा घरोघर पोचला. व्याधी हेच लस आधी मिळण्याचे कारण होते. पुष्कळांच्या तोंडी मात्र तेच ती टाळण्याचे कारण झाले. ‘माझ्या प्रकृतीला मानवेल का?’ हा प्रश्न रास्तच आहे. औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाला जिवंत विषाणूंच्या लसी, उदाहरणार्थ गोवराची, सहसा देता येत नाहीत. त्याचे रक्षण शेजाऱ्याच्या दंडावर अवलंबून असते. पण हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत नेला जातो की उंबरठ्यावरच ठेवला जातो, यावरून त्याची जात कळते. हीच लस पोलिओसारखी दोन थेंबांची असती तर शंका उरली असती का, असे ज्याने एकांतात स्वतःला विचारले, त्याला आपले भय आणि आपले कारण वेगळे करता येते.

शंकेला इतिहासाचाही आधार आहे. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मल्कोवाल येथे त्याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्यानंतर बिचकलेला गावकरी मूर्ख नव्हता. त्याची शंका बाटलीविषयी होती, ती तपासता येत होती आणि तपासली गेली. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. सुईच्या भयाला असा तपास नको असतो.

घेरी येणाऱ्याला आडवे निजवून, पायांचे व मोकळ्या हाताचे स्नायू आवळायला सांगून लस टोचता येते. त्यासाठी त्याने आधी ‘मला भीती वाटते’ एवढेच सांगायचे असते. हे वाक्य पुरुषांना विशेष जड जाते.