दुखणं रेड्याला, डाग पखालीला

बसा सगळे. राउंड नंतर होईल, आधी ऐकून घ्या.

गेल्या आठवड्यातले ओपीडीचे केसपेपर मी एकेक करून वाचले. वजन जास्त, साखर काठावर, व्हिटॅमिन डी कमी, की झालं! लिहिलं साठ हजार युनिटचं सॅशे आणि वर रुग्णाला आश्वासन: डी भरून निघालं की साखर आपोआप खाली येईल. हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी तरी नाही शिकवलं.

हा पेपर बघा. बाईचं वय ४२, वजन ८६ किलो, उपाशीपोटी साखर ११२, डी ११. पोटाचा घेर? रकाना कोरा. मानेची तपासणी? एक अक्षर नाही. मी पदर बाजूला करायला सांगितला तेव्हा मानेवर काळपट, मखमली जाडसर पट्टा होता. ती बाई तो मळ समजून दगडानं घासत होती, कातडी सोलवटेपर्यंत. तो मळ नव्हे, रक्तात चढलेल्या इन्सुलिननं कातडीवर उमटवलेली खूण आहे. तीन महिने पाठ केलेली खूण समोर बसली होती आणि तुमचे डोळे रिपोर्टात! सॅशे आठवड्याला एक म्हणून लिहिलंत, पण किती आठवडे ते लिहिलं नाही, आणि तिला समजावूनही सांगितलं नाही. ती रोज एक घ्यायला लागली असती तर? रक्तातलं कॅल्शियम चढलं असतं, उलट्या झाल्या असत्या, मूत्रपिंडावर बेतलं असतं. औषध लिहिणं म्हणजे पुडी हातावर ठेवणं नव्हे.

आता मूळ मुद्दा. पोटात चरबी साठते, तिच्या पेशी फुगतात, त्यातून मेदाम्लं आणि दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते. मग इन्सुलिननं कितीही हाक दिली तरी स्नायू साखर आत घेत नाही. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहतं आणि शेवटी थकतं. आजार तिथे आहे.

आणि डी का कमी? ते मेदात विरघळणारं जीवनसत्त्व आहे. शरीर मोठं, चरबी जास्त, म्हणून ते पसरतं, मेदात अडकून पडतं आणि रक्तात कमी दिसतं. मायकेल होलिक यांच्या गटानं २००० साली स्थूल आणि सडपातळ माणसांच्या अंगावर सारखेच अतिनील किरण सोडले. कातडीतला कच्चा माल दोघांचा सारखाच होता, तरी स्थूल माणसांच्या रक्तातली डी३ची वाढ ५७ टक्क्यांनी कमी भरली. २०१३ साली हजारो लोकांच्या जनुकांवरून हाच प्रश्न तपासला गेला. बीएमआय १० टक्के वाढला की डी सुमारे ४ टक्के घटतं, असं दिसलं. उलट, डी कमी करणाऱ्या जनुकांमुळे वजन वाढतं याला पुरावा मिळाला नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पहिलीच दुसरीचं कारण, हा निष्कर्ष शाळकरी पोरानं काढला तर चालेल. तुम्ही डॉक्टर आहात.

मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू येतेय: मॅडम, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर डीचे रिसेप्टर असतात. असतात, मीच शिकवलंय. म्हणून तर अमेरिकेत २४२३ प्रीडायबेटिक लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज ४००० युनिट, निम्म्यांना नकली गोळी. २०१९ साली निकाल आला: डीच्या गटात २९३ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात ३२३. एवढ्या फरकावर ठाम काही सांगता येत नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात डीची कमतरता नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पुढे अशा तीन प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, हेही मी लपवणार नाही.

पण शेजारचा आकडा बघा. २००२ साली अमेरिकेतल्याच प्रीडायबेटिक लोकांत वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढं ध्येय ठेवून नेटानं पाठपुरावा केला, तर मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी. आपल्या लोकांचं काय म्हणाल, तर चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली दाखवलं: आहार-व्यायामानं २८.५ टक्के. आणि तुम्ही हे सगळं 'आहार-व्यायामाचा सल्ला दिला' या एका ओळीत गुंडाळता! काय सल्ला दिलात? दिवसातून किती वेळा चहा होतो, त्यात साखर किती, रात्रीचं जेवण किती वाजता, चालायला वेळ कुठला, यातलं काहीही विचारलेलं नाही.

वजनकाट्यावरही भिस्त ठेवू नका. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात काय दडलंय ते टेप लावल्याशिवाय कळत नाही. बायकांत ८० सेंटिमीटर, पुरुषांत ९०, त्यापुढे धोका. दहा रुपयांची टेप खिशात नाही आणि हजाराच्या तपासण्या मात्र लिहून देता.

डी कमी असेल तर जरूर भरून काढा. हाडांसाठी, स्नायूंसाठी ते हवंच. स्थूल माणसाला डोसही बहुधा जास्त लागतो. पण किती आठवडे, पुन्हा तपासणी कधी, हे स्पष्ट लिहा आणि साखरेचं खोटं आश्वासन देऊ नका. त्या आश्वासनावर विसंबून माणूस दोन वर्षं निर्धास्त राहतो, आणि पुढे पायाला जखम घेऊन येतो तेव्हा त्याच्यासमोर तुम्ही नसता, मी असते.

उद्यापासून प्रत्येक रुग्णाच्या पोटाला टेप लागेल, मान बघितली जाईल आणि त्याच्या दिवसभराच्या खाण्याचालण्यावर दहा मिनिटं बोलणं होईल. ८६ किलोच्या त्या बाईला सहा किलो कमी करायचे आहेत. ते कसे, हे तिच्याशी बोलून, तिच्या स्वयंपाकघराला आणि कामाच्या वेळांना झेपेल असं लिहून आणा. त्याशिवाय माझी सही मिळणार नाही. उठा, राउंडला चला.