‘सैराट’ची जातकुळी

चित्रपट कोणत्या प्रकारचा, हे विचारायचे झाले तर मराठीत आपण त्याची ‘जातकुळी’ विचारतो. समीक्षेत हा शब्द इतका रुळला आहे, की त्यात जात आहे आणि कूळही आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’बद्दल बोलताना मात्र या शब्दापाशी थबकावे लागते. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट महाराष्ट्राने डोक्यावर घेतला; मराठी पडद्याने तोवर न पाहिलेली गर्दी त्याने खेचली. पण तो कोणत्या प्रकारात बसतो, असे विचारले की दोन तट पडतात. एकाच्या मते ती प्रेमकथा आहे. दुसऱ्याच्या मते प्रेमकथा हे वरचे आवरण. आत आहे तो जातिव्यवस्थेवरचा सामाजिक चित्रपट. दुसरे उत्तर जास्त गंभीर वाटते, चित्रपटाचा मान राखणारेही वाटते. माझे म्हणणे असे, की पहिले उत्तर बरोबर आहे आणि दुसऱ्या उत्तराने, हेतू कितीही चांगला असला तरी, चित्रपटाचे नुकसानच होते.

मुळात आपल्याकडे चित्रपटप्रकारांची नावे पडली कशी, हे पाहायला हवे. पौराणिक, ऐतिहासिक, संतपट, तमाशापट, ग्रामीण, कौटुंबिक, विनोदी ही नावे एका मापाने मोजून दिलेली नाहीत. ‘पौराणिक’ हे नाव कथा कुठून घेतली यावरून, ‘ग्रामीण’ हे ती कुठे घडते यावरून, तर ‘विनोदी’ हे ती पाहून काय होते यावरून. त्यामुळे नाव एकच आणि ऐवज अगदी वेगळा, असे वारंवार घडते. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) हे दोन्ही तमाशापट म्हणून ओळखले जातात. पण पहिल्यात तमाशाच्या फडावरून जुन्या अन्यायाचा जाब विचारला जातो. दुसऱ्यात एका आदर्शवादी मास्तराचा अधःपात होतो आणि शेवटी त्याच्यावर स्वतःच्याच खुनाचा खटला चालतो. बोर्डावरची लावणी दोघांत आहे, म्हणून ते एका घरचे होत नाहीत. विषयावरून किंवा परिसरावरून प्रकार ठरवला, की चित्रपट आपल्याशी कसा वागतो हे निसटून जाते.

आपल्याच परंपरेत यापेक्षा नेमके माप आहे. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपक’ ग्रंथात नाट्याचे दहा प्रकार वेगळे करताना तीन कसोट्या सांगितल्या: वस्तू, नेता आणि रस. म्हणजे कथानक कोणते, नायक कोणता आणि प्रेक्षकाला अनुभव कशाचा येतो. त्याच्या आधी शतकभर आनंदवर्धनाने दुसरी मोलाची गोष्ट सांगून ठेवली होती, की एकाच कृतीत अनेक रस असू शकतात, पण त्यांतला एक अंगी असतो आणि बाकीचे त्याची अंगे. ‘सगळ्या चित्रपटांत सगळ्याचे मिश्रण असते, मग प्रकार ठरवायचाच कशाला’ या नेहमीच्या शंकेचे उत्तर यात आहे. मिश्रण असतेच, प्रश्न असतो तो कोण कोणाच्या आधाराने उभे आहे याचा. हेच आजच्या भाषेत असे मांडता येईल: चित्रपट प्रेक्षकाला कशाची आस लावतो आणि त्याचा सारा परिणाम कोणत्या आशेच्या जोरावर उभा राहतो, यावरून त्याचा प्रकार ठरवावा. रहस्यपटात गुन्हेगार कळावा ही आस असते, युद्धपटात विजय मिळावा ही. प्रेमपटात हे दोघे एक व्हावेत, ही.

या मापाने ‘सैराट’चा पूर्वार्ध पाहिला तर शंकेला जागा उरत नाही. करमाळा तालुक्यातल्या बिटरगावचे क्रिकेटचे सामने, मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या, पाटलांच्या घरची आर्ची, विहिरीवरची भेट, चिठ्ठी पोहोचवणारे लहान पोर, जिवाला जीव देणारे सल्या आणि लंगड्या: प्रेमपटाची सारी ओळखीची सामग्री इथे आहे आणि ती मनापासून वापरली आहे. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडमध्ये मोठा वाद्यवृंद घेऊन संगीत ध्वनिमुद्रित केले. उसाच्या फडात आणि केळीच्या बागेत सिंफनी वाजते, तेव्हा ती या दोघांच्या प्रेमाला हिंदी पडद्यावर स्वित्झर्लंडमध्ये गाणाऱ्या जोड्यांइतकाच मान देते. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, डोळ्याला डोळा भिडवणारी आर्ची तर धनंजयाच्या ‘नेता’ या कसोटीलाही नवे उत्तर देते, कारण इथे पुढाकार नायिकेचा आहे. अन्याय या भागातही दिसतो. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाच्या थोबाडीत आर्चीचा भाऊ प्रिन्स मारतो आणि पुढे शिक्षकालाच पाटलांपुढे नमते घ्यावे लागते. पण त्या क्षणीही प्रेक्षकाची धाकधूक एकच असते: या घरातली मुलगी परश्याची होईल कशी?

सगळ्यात मोठा पुरावा मात्र उत्तरार्धात आहे, आणि नेमका तोच भाग ‘सामाजिक चित्रपट’ म्हणणाऱ्यांना अडचणीचा ठरतो. जात हाच ‘सैराट’चा अंगी विषय असता, तर पळून गेलेल्या जोडप्याच्या हैदराबादमधल्या संसाराला एवढा वेळ देण्याचे कारण नव्हते. तिथे त्यांची जात कोणी विचारत नाही. झोपडपट्टीतली एक खोली, सुमनअक्काचा आधार, परश्याचे डोशाच्या गाडीवरचे काम, आर्चीची कारखान्यातली नोकरी. वाड्यात वाढलेल्या मुलीला तिथला वास सहन होत नाही, भाषा येत नाही, आईची आठवण येते. परश्याच्या मनात संशय शिरतो, त्याचा हात उठतो, ती निघून जाते, तो गळफास घ्यायला निघतो आणि ती परत येते. पूर्वार्धात झालेली गाणी इथे थांबतात. आवाज उरतो तो भांड्यांचा, रहदारीचा, भांडणाचा. बहुतेक प्रेमपट दोघे एक होताच संपतात. मराठीत ‘एक होणे’ आणि ‘नांदणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि ‘सैराट’चा उत्तरार्ध पूर्णपणे दुसऱ्या क्रियापदाचा आहे. हे दोघे नांदावेत, ही आस तो लावतो. प्रेमपटाचा प्रदेश सोडून तो कुठे जात नाही. प्रेमपट जिथे सहसा पाऊल ठेवत नाही, तिथवर तो त्याला घेऊन जातो.

मंजुळे यांचाच ‘फँड्री’ (२०१३) शेजारी ठेवला, की फरक आणखी स्पष्ट होतो. तिथेही प्रेम आहे: कैकाडी समाजातला जब्या शालूवर जीव टाकतो. पण ते एकतर्फी आहे आणि चित्रपटाने लावलेली आस वेगळी आहे. डुक्कर पकडताना आपल्याला शालूने, शाळेतल्या मुलांनी पाहू नये, ही जब्याची धडपड, आणि ती फसल्यावर होणारी विटंबना, यांवर सारा चित्रपट तोललेला आहे. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘फँड्री’त प्रेम हे अंग आहे आणि जातीचा अपमान अंगी, ‘सैराट’मध्ये प्रेम अंगी आहे आणि जात त्याच्या वाटेत उभी. एकाच दिग्दर्शकाने, एकाच समाजवास्तवातून दोन वेगळ्या प्रकारचे चित्रपट केले, हे ओळखले नाही तर दोघांचेही वेगळेपण हरवते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप शेवटाचा आहे. आर्चीचा भाऊ आईने दिलेल्या भेटी घेऊन येतो, घरात चहा होतो, आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते तेव्हा रक्ताच्या थारोळ्यात आई-बाप पडलेले असतात. पडदा निःशब्द होतो. उरते ती मुलाच्या पावलांची लाल ठसे उमटवत जाणारी वाट. ज्या चित्रपटाचा शेवट असा, त्याला प्रेमपट कसे म्हणावे? आनंदवर्धनानेही महाभारताचा अंगी रस ठरवताना शेवटाकडेच पाहिले होते. वृष्णी आणि पांडव यांचा विषण्ण अंत पाहून, एवढ्या वीररसाने भरलेल्या ग्रंथाचा अंगी रस शांत आहे, असे त्याने म्हटले. आक्षेप खरा आहे, पण आनंदवर्धनाचा विचार शेवटापर्यंत नेला तर तो उलटतो. महाभारताचा शेवट आधीच्या पराक्रमाला फोल ठरवतो, म्हणून वैराग्य उरते. ‘सैराट’चा शेवट प्रेमाला फोल ठरवत नाही. ‘यांनी पळून जायला नको होते’ असे वाटायला लावणारी एकही चौकट त्यात नाही. ती शेवटची काही मिनिटे करुण आहेत, यात वाद नाही. पण त्या करुणाला ताकद मिळते ती आधी आपण त्या संसारावर विश्वास टाकला म्हणून. ‘हा ऑनर किलिंगवरचा चित्रपट आहे’ असे सांगून कोणाला आत बसवले, तर तो पहिल्या गाण्यापासून खुनाची वाट पाहील, आणि आर्ची चहा करायला वळते तेव्हा त्याला फक्त अंदाज खरा ठरल्याचे कळेल. गावोगावच्या प्रेक्षकांना त्या क्षणी जी गोष्ट हादरवून गेली, ती त्याच्या वाट्याला येणार नाही.

शिवाय मरणाने प्रकार बदलत असता, तर तो आधीही बदलायला हवा होता. ‘एक दूजे के लिए’ (१९८१) आणि ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) या दोन्हींत प्रेमी जीव मरतात. पहिल्यात भाषेची भिंत आहे, दुसऱ्यात खानदानी वैर. तरी त्यांना भाषिक वादावरचा किंवा खानदानी वैरावरचा चित्रपट असे कोणी म्हणत नाही. ते बिनतक्रार प्रेमपट आहेत. ‘बॉबी’त (१९७३) श्रीमंती आडवी येते, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये (१९९५) बापाचा शब्द, त्यांच्याही नावापुढे दुसरे विशेषण लागत नाही. अडथळा जात असली, की मात्र प्रकारच बदलतो. ‘अछूत कन्या’ (१९३६) आणि ‘सुजाता’ (१९५९) या दोन्हींच्या गाभ्याशी प्रेमकथा आहे, पण नायिका अस्पृश्य म्हणून जन्मली असल्याने दोन्हींची नोंद प्रथम ‘सामाजिक’ या खात्यात होते. म्हणजे बाकीच्यांनी केले ते प्रेम, आणि दलित-भटक्या समाजातल्या माणसाने केले की तो प्रश्न. चित्रपटांच्या वर्गवारीत ही वेगळी पंगत बसली आहे, आणि ती मांडण्यात आस्वाद घेणाऱ्यांचा, समीक्षकांचा, म्हणजे आपलाही हात आहे. ‘सैराट’ला जातिपटांच्या रांगेत नेऊन बसवले, तर प्रेमपटांची रांग पुन्हा पूर्वीसारखी निर्धास्त राहते, जणू प्रेमाला आपल्या देशात जात नावाची गोष्ट कधी आडवी आलीच नाही.

कोणी असेही म्हणेल, की प्रेमपट म्हटल्याने जातीचा मुद्दा पातळ होतो, आणि करमणुकीच्या बाजाराला तेच हवे असते. ‘सैराट’वरून हिंदीत झालेला ‘धडक’ (२०१८) हे त्याचे उदाहरण म्हणून दाखवता येईल: कथा उदयपूरला गेली आणि जातीची धार बोथट झाली. पण ‘धडक’मध्ये नुसती जात पातळ झाली नाही, प्रेमही पातळ झाले. आर्चीच्या प्रेमाचे मोल ती काय सोडून आली यावरून कळते, आणि परश्याच्या प्रेमाचे मोल त्याने काय पणाला लावले यावरून: त्याच्या आई-बापाला गाव सोडावे लागले. अडथळ्याचे नाव पुसले, की प्रेमाची खोलीही मोजता येत नाही. जात हा ‘सैराट’मधल्या प्रेमकथेला वरून जोडलेला संदेश नाही, हेच यातून सिद्ध होते. १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरच्या त्यांच्या न झालेल्या भाषणात, जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे, असे बजावले होते. ते मान्य असेल, तर दोन जातींतली दोन माणसे एकमेकांवर प्रेम करून नांदू लागतात ही गोष्ट जातिविरोधी विचाराचे आवरण ठरत नाही. तो विचार तिथे प्रत्यक्ष जगला जातो. मग अशा प्रेमाची मनापासून, पूर्ण वाद्यवृंदासह सांगितलेली कथा गंभीर व्हावी म्हणून तिला वेगळ्या खात्यात हलवण्याची गरज काय?

प्रकार ठरवणे हे ग्रंथपालाचे काम नाही. आपण एखाद्या चित्रपटाला कोणाच्या शेजारी ठेवतो, त्यावरून तो पुढच्या पिढीला कसा दिसेल हे ठरते, आणि त्याच्या शेजारचे चित्रपट कसे दिसतील हेही. ‘सैराट’ला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधल्या राज आणि सिमरनच्या शेजारी बसवले, की त्या दोघांच्या कथेतही एक प्रश्न जागा होतो: सिमरनच्या बापाने शेवटी मुलीचा हात सोडला खरा, पण तिने निवडलेला मुलगा परश्याच्या घरचा असता तर सोडला असता का? हा प्रश्न विचारायला लावण्याची ताकद जातिपटांच्या वेगळ्या रांगेत बसलेल्या ‘सैराट’मध्ये नाही, प्रेमपटांच्या पंगतीत बसलेल्या ‘सैराट’मध्ये आहे. म्हणून त्याची जातकुळी विचारणाऱ्याला द्यायचे उत्तर एका शब्दाचे आहे: प्रेमपट. आर्ची आणि परश्याला गावाने जे स्थान दिले नाही, ते निदान आपल्या आवडत्या प्रेमकथांच्या यादीत तरी त्यांना कोणत्याही विशेषणाविना मिळायला हवे.